थ्री नॉट थ्री ते थ्री फिफ्टीन : छाटलेली रायफल पुरावा म्हणून कशी वाचायची?

पेटची तयारी करणाऱ्यांचे मेसेज येतात त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : "ताई, विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही." विषय आणि प्रश्न यांतला फरक व्याख्या देऊन कळत नाही, एखादी वस्तू समोर ठेवली की कळतो. म्हणून आज नेहमीचं काम थोडं बाजूला ठेवते. माझं संशोधन लोखंडावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरांवर आहे. आज मात्र इतिहासात शिरायचंय, आणि तेही एका जड, तेलकट, परवान्याशिवाय हात लावता न येणाऱ्या वस्तूच्या मार्फत. ती म्हणजे बोल्ट-ॲक्शन लष्करी रायफल, जी पुढे कुणीतरी छाटून, बदलून शिकारीची किंवा दुसऱ्याच कामाची केली.

इंग्रजी जगात अशा रायफलीला 'स्पोर्टराइज्ड' म्हणतात. त्या जमवणं आणि पुन्हा मूळ रूपात आणणं हा अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधला मोठा छंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या देशांकडे लाखो रायफली शिल्लक राहिल्या. ली-एन्फिल्ड, माउझर, स्प्रिंगफिल्ड, कार्कानो, सगळ्याच. त्या अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. किती स्वस्तात? केनेडींच्या हत्येत वापरलेली इटालियन कार्कानो १९६३ साली टपालाने मागवलेली होती, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला, टपालखर्च वेगळा. नवी शिकारी रायफल न परवडणारा माणूस अशी शिलकी रायफल घ्यायचा, पुढचं लाकूड कापायचा, संगीन अडकवायचा भाग काढून टाकायचा, नळी थोडी आखूड करायचा, वर दुर्बीण बसवायला रिसीव्हरला चार भोकं पाडायचा आणि हरणाच्या शिकारीला निघायचा. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने तर हा धंदाच केला. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेतली टपालविक्री बंद झाली. त्यानंतर हळूहळू उलटं घडलं : न छाटलेल्या रायफली दुर्मिळ झाल्या, त्यांची किंमत चढली, आणि आजोबांनी कापलेलं लाकूड नातू पुन्हा शोधू लागला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. संशोधक म्हणून आपण विचारायचं ते असं : भारतात, आपल्या महाराष्ट्रात, हे घडलं का? ली-एन्फिल्ड तर इथे ढिगाने होत्या. कलकत्त्याजवळच्या ईशापूरला १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं तिथे हीच रायफल बनत राहिली. शिकारीची हौसही कमी नव्हती. मग युद्ध संपल्यावर इथे शिलकी थ्री नॉट थ्री शिकाऱ्यांच्या घरी का नाही पोचल्या?

आधी शब्द नीट वेगळे करू

सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात जास्त मार खाणारी जागा म्हणजे व्याख्या. 'शिकारीसाठी बदललेली लष्करी रायफल' या एका शब्दप्रयोगात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात.

जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी घ्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्यांना दिली. तिचा बोल्ट आणि रिसीव्हर जर्मन माउझरचा, म्हणजे लष्करी आराखड्याचा. काडतूसही मूळ ७ मिलिमीटरचं माउझर, लष्करीच. पण ती रायफल कधी सैन्यात नव्हती. लंडनच्या रिग्बीने माउझरकडून नवे भाग घेऊन ती शिकारीसाठीच घडवली. तसंच 'ली-स्पीड' नावाच्या रायफलींचं. आतलं यंत्र ली-एन्फिल्डचं, पण लाकूड, नळी, साइट सगळं पहिल्यापासून शिकारी घाटाचं. बीएसएने अशा रायफली वसाहतींतल्या साहेबलोकांसाठी भरपूर बनवल्या.

दुसरा प्रकार वर सांगितला तो : सैन्यातून बाहेर पडलेली रायफल घरी किंवा दुकानात छाटली गेली.

तिसरा प्रकार परदेशी छंदिष्टांच्या लिखाणात तळटीपेपुरता येतो, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. सरकारने स्वतःच, स्वतःच्या कारखान्यात, लष्करी रायफल मुद्दाम कमकुवत केली. त्याकडे येतेच. आधी आकड्यांचा कायदा.

०.३ मिलिमीटरचं राजकारण

१८५७ नंतर इंग्रजांनी एक धडा पक्का गिरवला : हिंदी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागे ठेवायचं. उठावानंतर हिंदी पलटणींना रायफलिंग नसलेल्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी शिपाई मार्टिनी-हेन्री वापरत होता. सामान्य नागरिकासाठी लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा होता : परवाना काढा. युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत आलेत.

पण बंदूक रोखण्यापेक्षा काडतूस रोखणं सोपं असतं, हे सरकारला लवकर उमगलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या शिकारी रायफलींना हिंदुस्थानात बंदी झाली. कारण काय तर मार्टिनी-हेन्रीची गोळीही .४५० चीच. शिकाऱ्यांसाठी आलेला दारूगोळा सरहद्दीवरच्या किंवा बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनीत जाऊ नये. आता गंमत बघा. लंडनच्या बंदूक कारागिरांनी बंदीवर तक्रार करत बसण्याऐवजी नवे आकडे काढले : .४७०, .४६५, .४७५. हत्ती-वाघ मारायला .४५० जितकी चालते तितकीच .४७० चालते. आज आफ्रिकेत मोठ्या शिकारीचं अभिजात काडतूस म्हणून मिरवणारं .४७० हे मुळात हिंदुस्थानातल्या एका सरकारी नियमाचं अपत्य आहे.

हाच न्याय .३०३ ला लागला. लष्कराचं काडतूस खासगी हातात नको. मग ज्याला ली-एन्फिल्डसारखी भरवशाची, पटकन बोल्ट ओढता येणारी रायफल शिकारीला हवी, त्याने काय करायचं? उत्तर : .३१५.

आकडेमोड करून बघा. .३०३ इंच म्हणजे ७.७ मिलिमीटर. .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. फरक ०.३ मिलिमीटरचा. .३१५ चं काडतूस कुणी नव्याने शोधलेलं नव्हतं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ते ८ मिलिमीटर मानलिखर. पितळी कवचाची लांबी ५० मिलिमीटर, तर .३०३ च्या कवचाची ५६. दोन्ही काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कडा आहे आणि तिचा व्यास जवळपास सारखा आहे. त्यामुळे ली-एन्फिल्डच्या यंत्रात फार उलथापालथ न करता ते बसवता येतं. बीएसएने हिंदुस्थानच्या बाजारासाठी .३१५ च्या ली-स्पीड बनवल्या. पुढे ईशापूरने त्याच घाटाची .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली. मॅगझीन दहाऐवजी पाच गोळ्यांचं. ती आजही नागरिकांना परवान्यावर मिळते. उत्तर भारतात तिला सरळ 'थ्री फिफ्टीन' म्हणतात.

म्हणजे .३१५ लष्करी काडतूस नव्हतं असं नाही. ते *इथल्या* लष्कराचं नव्हतं, एवढंच. नियमाला गोळीच्या ताकदीची भीती नव्हती, गोळी कुठल्या कोठारातून येऊ शकते याची होती. हे पडताळून बघायचं असेल तर ईशापूरचीच दुसरी रायफल बघा, .३०-०६ ची. हे अमेरिकी सैन्याचं १९०६ सालचं काडतूस. त्याची ऊर्जा .३०३ पेक्षा जास्त. तरी भारतात .३०-०६ नागरिकाला परवान्यावर मिळू शकते आणि .३०३ मात्र 'प्रतिबंधित बोअर'. ताकद हा निकष असता तर हे उलटं असतं.

संशोधनाच्या भाषेत याला पर्यायी स्पष्टीकरण तपासणं म्हणतात. 'सरकारने धोकादायक काडतुसावर बंदी घातली' हे पहिलं, सोपं स्पष्टीकरण. ते खरं असेल तर .३०-०६ चं काय? एक उदाहरण अडलं की स्पष्टीकरण बदलावं लागतं. व्हायव्हात बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतात, आणि आपण "तो माझ्या संशोधनाच्या कक्षेबाहेर आहे" असं म्हणून सुटका करून घेतो. तसं करू नका.

इथे महाराष्ट्र कुठे येतो? पुण्याजवळ खडकीला. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. .३०३ च्या जुन्या कवचांच्या बुडावर 'के एफ' अशी दोन रोमन अक्षरं ठोकलेली असतात. 'के' म्हणजे किर्की, इंग्रजांच्या तोंडची खडकी, आणि 'एफ' म्हणजे फॅक्टरी. स्वातंत्र्यानंतर नागरिकांच्या .३१५ साठीही काडतुसं तिथूनच आली. त्यांच्या बुडावर '८ एमएम केएफ' असं असतं. खून-दरोड्याच्या खटल्यांच्या निकालपत्रांत '८ एमएम केएफ' हा शब्दप्रयोग इतक्यांदा येतो की कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असेल, पण ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या फौजेपासून खडकीपर्यंतचा त्याचा प्रवास कुणी विचारत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा खडकी एका कंपनीत गेली आणि ईशापूर दुसऱ्या. जुनी दप्तरं शोधायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं, नाहीतर पत्रव्यवहार चुकीच्या पत्त्यावर सहा महिने पडून राहतो.

मस्केट : सरकारने छाटलेली

आता तो तिसरा प्रकार. ईशापूरला एसएमएलई, म्हणजे आखूड मॅगझीनवाली ली-एन्फिल्ड, बनायची. यातल्याच रायफलींवर कारखान्याने एक बदल केला. नळी .४१० इंचाची, म्हणजे १०.४ मिलिमीटरची. आतले पेचदार खाचे, ज्यांच्यामुळे गोळी फिरकी घेते आणि लांबवर सरळ जाते, ते गायब. मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच गोळी. काडतूस मुद्दाम वेगळं : .३०३ चंच कवच, पण तोंडाशी न आवळलेलं, सरळ. ही झाली .४१० मस्केट. ती पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली गेली.

बाहेरून पाहिलं तर ती थेट सैनिकाची रायफल दिसते. तोच दस्ता, तोच बोल्ट, पुढे संगिनीची तीच बोथट नाकाडी. म्हणजे दरारा पूर्ण, आवाका अपुरा. कुणी ती पोलिसाच्या हातून हिसकावली तरी त्याला एक फेर, जवळचा पल्ला आणि बाजारात न मिळणारं काडतूस एवढंच मिळणार. १८५७ नंतर गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यामागे जो अविश्वास होता तोच इथे पोलादात दुसऱ्यांदा कोरलेला दिसतो. हा माझा अर्थ आहे, कारखान्याचा कागद नाही, आणि प्रबंधात मी तो तसाच वेगळा लिहीन : वस्तूवर काय दिसतं ते एका वाक्यात, मी त्यातून काय समजते ते दुसऱ्या वाक्यात.

या मस्केट पुढे शिलकी माल म्हणून अमेरिकेत गेल्या. तिथे .४१० ची छर्‍याची काडतुसं सर्रास मिळतात, म्हणून त्यांचं चेंबर त्या काडतुसाला जुळवून घेतलं गेलं. हिंदी तुरुंगाच्या भिंतीवरून ससे मारायला! आणि त्यातल्याच काहींना वाटतं की हिला पुन्हा 'मूळ' .३०३ करावं. इथे माझा ठाम विरोध आहे. तांत्रिक धोका आहेच, पण मुद्दा पुराव्याचा आहे. या वस्तूचं मूळ रूप कोणतं? कारखान्यातून निघाली ते, की पोलिसाच्या खांद्यावर वीस वर्षं राहिली ते? .३०३ ची नळी बसवली की रायफल उरते, मस्केट मरते. आणि रायफली एक कोटीहून जास्त बनल्यात.

सोलापूरकरांना इथे १९३० आठवेल. मे महिन्यातला गोळीबार, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौकातल्या पुतळ्यांवरून रोज जातो आपण. त्या दिवशी पोलिसांच्या हातात रायफल होती की मस्केट, हा प्रश्न क्षुल्लक नाही. किती अंतरावरून, किती वेगाने, एका मागून एक किती गोळ्या झाडता येतात, हे हत्यारावर ठरतं, आणि सरकारी अहवालातली 'नाइलाजाने गोळीबार' ही भाषा तिथेच तपासता येते. पण उत्तर संग्रहालयातल्या बंदुकीकडे बघून द्यायचं नाही. ते कागदात शोधायचं : मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गृह विभागाच्या फायली, पोलिसांच्या शस्त्रपुरवठ्याचे मागणीपत्र, काडतुसांचा हिशेब. काडतुसांचा हिशेब सरकार मेलेल्या माणसांपेक्षा काटेकोर ठेवतं. बोअर तिथे लिहिलेला असतो.

गंज, निळाई आणि जवसाचं तेल

आता माझ्या गल्लीत. जुनी रायफल 'रिस्टोअर' करणारा सगळ्यात आधी काय करतो? घासतो. गंज काढून लखलखीत करतो. आणि नव्वद टक्के पुरावा तिथे जातो (हे नव्वद माझ्या चिडेचं माप आहे, मोजलेलं नाही).

नळी आतून का गंजते ते आधी पाहू. जुन्या .३०३ काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. फटाका उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचं चुलत भावंड, आणि ते नळीत बसतं. ते हवेतलं पाणी ओढतं. क्लोराइड आणि पाणी मिळालं की लोखंडावरचा संरक्षक थर टिकत नाही, खड्डे पडतात. तेल लावून हे थांबत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून इंग्रज शिपायाला नळीत उकळतं पाणी ओतायची सक्ती होती, तेल नंतर. सोलापूरच्या कोरड्या हवेत अशी नळी रत्नागिरीपेक्षा बरीच वर्षं टिकते, पण पावसाळा एकच पुरे.

बाहेरची निळसर काळी झाक हा रंग नसतो. तो मॅग्नेटाइटचा थर असतो, लोखंडाचंच एक ऑक्साइड. जुन्या पद्धतीत पोलादावर मुद्दाम तांबडा गंज चढवायचे, मग ते उकळत्या पाण्यात ठेवायचे. तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. सुटी भुकटी घासून काढायची, पुन्हा गंज, पुन्हा उकळ. म्हणजे गंजापासून गंज रोखायचा. मी ऑक्साइडच्या थरांवर इतकी वर्षं घालवली तरी ही युक्ती अजून आवडते.

आता हा थर पुरावा कसा? रिसीव्हरवर आणि दस्त्याजवळच्या पट्टीवर शिक्के ठोकलेले असतात : मुकुट, त्याखाली जी आर आय, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट, मग ईशापूर, साल, मॉडेल. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. कारखान्यात दुरुस्त होऊन आली की 'एफ आर' आणि दुरुस्तीचं साल. बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का, की जुना खोडून नवा ठोकलाय? शिक्क्याच्या आत जुनी निळाई आणि भोवती नवी, असं दिसलं तर दुरुस्ती शिक्क्यानंतरची. शिक्क्याच्या कडा निळाईतून फुटून वर आल्या असतील तर शिक्का नंतरचा. हे थरांचं वाचन आहे, उत्खननात मातीचे थर वाचतात तसं. बफिंगच्या चाकाने दोन मिनिटांत सगळे थर एक होतात.

शिक्का घासून गेला तरी सगळं संपत नाही, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा रोज सिद्ध करतात. ठोकताना वरच्या खळग्याखालीही पोलादाचे स्फटिक दबलेले असतात. विशिष्ट आम्लद्रावणाने तो भाग बाकीच्यापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला आकडा क्षणभर दिसतो. फॉरेन्सिक सायन्सवाल्यांनो, ऐतिहासिक वस्तूंवर हीच पद्धत वस्तू न झिजवता कशी वापरायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे. घ्या.

लाकडाबद्दल थोडक्यात. दस्त्याला जवसाचं तेल चोळायचे. आपण चटणी करतो तेच जवस. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते तेल घट्ट होतं, त्याचं पॉलिमर बनतं. ईशापूरच्या रायफलीत पुढच्या लाकडातून आडवा एक स्क्रू आरपार गेलेला दिसतो, इंग्लंडच्या रायफलीत तो नसतो. इथल्या हवेत लाकूड चिरू नये म्हणून केलेली ती सोय. परदेशी संग्राहक त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. छाटलेल्या रायफलीला नवं लाकूड बसवताना हा स्क्रू नसलेलं इंग्रजी लाकूड चढवलं की आपला उन्हाळा त्या वस्तूतून पुसला जातो.

मग काहीच करायचं नाही का? करायचं. क्लोराइड बाहेर काढायचं, सुटा गंज हलक्या हाताने उचलायचा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण किंवा पॅरालॉइड बी-७२ सारखा ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळणारा लेप द्यायचा. कसोटी एकच : उद्या कुणाला हे काढायचं झालं तर काढता येईल का? फक्त लाकूड छाटलं असेल तर जुन्या घाटाचं लाकूड बसवायला माझी हरकत नाही, छाटलेला तुकडा चिठ्ठी लावून जपला तर. नळी कापली असेल, रिसीव्हरला भोकं असतील, तर ती तशीच राहू द्यावीत. ती भोकं म्हणजे १९५० च्या दशकातला एक गरीब शिकारी आहे.

सोलापुरातून हे काम कसं कराल

आधी कायदा, कारण उत्साहात इथेच पाय घसरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. सहाव्या कलमानुसार नळी आखूड करणं किंवा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणं परवान्याशिवाय गुन्हा. म्हणजे अमेरिकी माणूस गॅरेजमध्ये करतो तो अख्खा छंद इथे दोन कलमांत बंद. ओळखचिन्ह पुसणं हाही गुन्हा. इतिहासकार आणि पोलीस एकाच शिक्क्यासाठी भांडतायत असं चित्र क्वचित दिसतं, इथे ते एका बाजूला आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात, वारशाने आलेल्या धरून. त्यामुळे खासगी संग्राहक ही जात आपल्याकडे जवळपास नाहीच. वडिलोपार्जित रायफल घरात असेल तर तिला स्वतः खोलू नका, परवानाधारक कारागीर आणि पोलीस ठाणं यांच्या वाटेनेच जा. १९७२ ला पुरावस्तू कायदाही आला : शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९१७ च्या शिक्क्याची ईशापूर रायफल ही सीमा ओलांडून गेलीय.

१९७२ नेच दुसरीही एक गोष्ट केली. वन्यजीव संरक्षण कायदा. नान्नजच्या माळावरचे माळढोक आणि काळवीट, दोघेही पहिल्या अनुसूचीत. शिकारी रायफलीचं काम एका कायद्याने संपलं. रायफल उरली, तिचं क्रियापद गेलं. पुढे ती कपाटात, आणि निवडणूक आली की आचारसंहितेत ठाण्यात जमा. परवान्याचं नूतनीकरण कुणी केलं नाही की कायमची जमा, आणि जप्त-जमा हत्यारं ठराविक काळाने वितळवली जातात. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला थ्री नॉट थ्रीला संचलनात निरोप दिला. जी वस्तू आपल्याला अभ्यासायची आहे ती भट्टीकडे चाललीय, हे वेळापत्रक तुमच्या सिनॉप्सिसच्या 'महत्त्व' या मथळ्याखाली लिहिता येईल.

जायचं कुठे? सगळ्यात जवळ अक्कलकोट, साधारण ४० किलोमीटर. स्वामींच्या दर्शनाला सगळे जातात, राजवाड्यातल्या शस्त्रागाराकडे थोडेच वळतात. कोल्हापूरला न्यू पॅलेसच्या संग्रहालयात संस्थानी शिकारीचं सगळं वैभव मांडलेलं आहे. आणि एनसीसी केली असेल तर कवायतीची 'डीपी' रायफल तुमच्या खांद्यावर राहून गेलीय. निकामी करून कवायतीला ठेवलेली थ्री नॉट थ्री. म्हणजे बदललेल्या रायफलीचा चौथा प्रकार, आणि तो तुम्ही उन्हात तासभर उचलून धरलाय.

पहिल्या भेटीला विभागप्रमुखांचं पत्र, वही, मऊ पेन्सिल, मोजपट्टी, छोटा टॉर्च एवढंच न्या. हात लावू देणार नाहीत, मागूही नका. टॉर्च बाजूने तिरका धरायला सांगा, म्हणजे उथळ शिक्के सावलीत उठून दिसतात. नळीच्या तोंडाचा व्यास क्युरेटरकडून मोजून घ्या : ७.७, ८ की १०.४. पाटीवर नुसतं 'जुनी बंदूक' लिहिलेलं असलं तरी या आकड्यावरून ती सैनिकाची, शिकाऱ्याची की तुरुंगाच्या पहारेकऱ्याची, एवढं तिथेच कळतं. मॅगझीनच्या खाचेत लाकडी ठोकळा आहे का तेही बघून ठेवा. क्रमांक वहीत लिहा, फोटो टाकताना मात्र झाका. मालकाचं नाव कुठेच नको.